ओपन सोर्स प्रकल्पासाठी डेव्हलपर आणि पैसे: आधी काय, मग काय

मुक्त सॉफ्टवेअर चालवणाऱ्या लहान गटांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "निधी कुठे मिळेल?" बहुतेक वेळा तो फार लवकर विचारलेला असतो. काम नेमकं काय ते लिहिलेलं नसतं, करणारा माणूस ठरलेला नसतो, पैसे कुणाच्या खात्यात येणार याचा पत्ता नसतो. निधी देणारा पहिल्या पत्रात याच तीन गोष्टी विचारतो. मग अर्ज बारगळतो आणि "आपल्याकडे ओपन सोर्सला कुणी पैसे देत नाही" या वाक्यावर बैठक संपते.

इथे क्रम उलटा लावला आहे. निधीचे पत्ते सातव्या मुद्द्यात आहेत. थेट तिथे उडी मारलीत तर पुन्हा मागे यावं लागेल. उदाहरणासाठी एक काल्पनिक प्रकल्प धरू: लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये चालणारा मराठी शुद्धलेखन तपासनीस. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, दोघं; दोघंही नोकरी करणारे, काम शनिवार-रविवारी. तुमचा प्रकल्प वेगळा असला तरी अडचणी याच निघतील.

१. आधी स्वतःचा वेळ मोजा

पगारी डेव्हलपर आठवड्याला पाच दिवस कोड लिहितो. तो वाचायला, चालवून पाहायला आणि सामील करून घ्यायला तुमच्याकडे रविवारची दुपार असते. तिसऱ्या आठवड्यात पुल रिक्वेस्ट (बदललेला कोड सामील करून घेण्याच्या विनंत्या) साचतात, पाचव्यात डेव्हलपर वाट पाहत बसतो किंवा न तपासलेला कोड आत जातो. पैसा आल्यानंतर प्रकल्प अडखळतो तो बहुतेक इथेच.

गेल्या सहा महिन्यांतल्या शेवटच्या दहा पुल रिक्वेस्ट काढा. पहिलं उत्तर किती दिवसांनी गेलं ते प्रत्येकीसमोर लिहा. साधारण आठवड्याच्या आत जात असेल तर पुढे चला. महिना लागत असेल तर तुम्हाला आधी नवा कोड लिहिणारा नकोच आहे. तपासणाऱ्याच्या वेळेसाठी पैसे हवे आहेत.

यात कमीपणा काही नाही. जँगो या वेब फ्रेमवर्कची संस्था २०१४ पासून 'फेलो' ठेवून त्यांना पगार देते, आणि त्यांचं मुख्य काम म्हणजे आलेल्या तक्रारींची वर्गवारी, इतरांच्या पॅचची, म्हणजे पाठवलेल्या बदलांची, तपासणी आणि रिलीज. नवीन सुविधा लिहिणं दुय्यम. एका माणसाच्या तपासणीमुळे अनेक स्वयंसेवकांचं काम मोकळं होतं, हा हिशेब त्यामागे आहे. लहान प्रकल्पालाही तो लागू पडतो, पण अर्जात "तपासणीसाठी पैसे हवेत" असं लिहायला लोक लाजतात.

तपासा: पगारी कामाच्या काळात आठवड्याला किमान चार तास देईन, असं एका मेंटेनरने नाव घालून लिहून दिलं आहे का? नसेल तर इथेच थांबा.

२. रिपॉझिटरी (कोड ठेवण्याची जागा) परक्याच्या नजरेने पाहा

हे काम कंटाळवाणं आहे, पण निधी देणारा आणि चांगला डेव्हलपर दोघंही सर्वात आधी इथे येतात.

लायसन्सची फाइल रिपॉझिटरीच्या सर्वात वरच्या फोल्डरमध्ये हवी. "कोड सगळ्यांना खुला आहे" असं वाचा-मला (README) फाइलमध्ये लिहून भागत नाही. लायसन्स नसेल तर कायद्याने सर्व हक्क लेखकाकडेच राहतात आणि प्रकल्प ओपन सोर्स ठरत नाही. बहुतेक निधी ओपन सोर्स इनिशिएटिव्हने मान्य केलेलंच लायसन्स मागतात. कोडचं लायसन्स एक आणि डेटाचं दुसरं असेल तर दोन्ही स्पष्ट लिहा.

भाषेच्या प्रकल्पांत डेटाचा घोळ हमखास असतो. आपल्या तपासनिसाची शब्दयादी कुठून आली? कुणी छापील कोशातून टाइप करून घेतली असेल, कुणी एखाद्या संकेतस्थळावरून खरवडली असेल, तर ती मुक्त लायसन्सखाली देण्याचा हक्क तुमच्याकडे नाही. निधी मिळाल्यावर हे उघड झालं तर सगळंच अडकतं. प्रत्येक स्रोतासमोर नाव, लायसन्स आणि तारीख अशी एक साधी फाइल ठेवा. ज्याचा माग लागत नाही तो भाग काढून टाका, यादी अर्धी झाली तरी चालेल.

मग प्रकल्पाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी कोऱ्या लॅपटॉपवर तो उभा करायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. जिथे ती व्यक्ती अडते ते सगळं सूचनांच्या फाइलमध्ये घाला. डेव्हलपरचे पहिले चार दिवस इथे वाया जाणार असतील तर ते पैसे देऊन वाया जातील.

शेवटी, निर्णय कोण घेतं ते चार ओळींत लिहा: पॅच कोण मंजूर करतं, मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, रिलीजची किल्ली, म्हणजे नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार, कुणाकडे.

३. काम इतकं बारीक लिहा की अनोळखी माणूस किंमत सांगू शकेल

"मराठी तपासनीस सुधारणे" हे काम नव्हे, इच्छा आहे. तिला कुणी किंमत लावू शकत नाही आणि ती कधी पूर्ण झाली हेही ठरवता येत नाही.

आधी अडचण लिहा, तीही वापरणाऱ्याच्या बाजूने. 'घरासमोरच्यांनाही' हा शब्द अचूक मराठी आहे. पण तपासनिसामागचं हनस्पेल हे इंजिन शब्दाच्या शेवटचे प्रत्यय दोन पातळ्यांपर्यंतच सोलतं, आणि इथे 'घर'चं सामान्यरूप, त्यावर समोर, च्या, ना, ही अशी रांग लागली आहे. मग बरोबर शब्दाखाली लाल रेघ येते. रोज अशा रेघा पाहून माणूस तपासनीस बंदच करून टाकतो. ही झाली अडचण. उपाय असा असू शकतो: नेहमी एकत्र येणाऱ्या प्रत्ययांच्या जोड्या आणि तिकड्या स्क्रिप्टने आधीच तयार करून नियमांच्या फाइलमध्ये घालायच्या, म्हणजे इंजिनला सोलायच्या पातळ्या कमी उरतात.

आता टप्पे. प्रत्येक टप्प्याला हाती येणारी वस्तू, ती पाहण्याची जागा आणि 'झालं' म्हणायची अट हवी.

पहिला टप्पा: चाचणी संच. मुक्त लायसन्सच्या मजकुरातून निवडलेली वाक्यं, त्यातले बरोबर आणि चूक शब्द हाताने खुणा केलेले. अट: दोन वेगळ्या माणसांनी तपासलेला, रिपॉझिटरीत आलेला.

दुसरा: नामांच्या सामान्यरूपांचे आणि प्रत्ययजोड्यांचे नियम. अट: चाचणी संचातल्या बरोबर शब्दांवर येणाऱ्या लाल रेघा आजच्या निम्म्यावर, आणि खऱ्या चुका पकडण्याचं प्रमाण घसरलेलं नाही. ही दुसरी अट विसरू नका. नियम सैल करत गेलं की रेघा आपोआप कमी होतात, पण मग तपासनीस काहीच पकडत नाही.

तिसरा: क्रियापदं. चौथा: एक्सटेन्शनचं पॅकेज, रिलीज आणि नवे नियम कसे घालायचे याची टिपणं.

चाचणी संच आधी आणि नियम नंतर, हा क्रम मुद्दाम आहे. मोजपट्टी हातात आल्याशिवाय 'सुधारलं' या शब्दाला अर्थ नाही. शिवाय डेव्हलपर मध्येच सोडून गेला तरी संच तुमच्याकडे राहतो.

सावध: चार ते सहा टप्पे पुरेत. बारा टप्पे लिहिलेत की प्रत्येक हप्त्याची कागदपत्रं कामापेक्षा जड होतात.

४. हिशेब

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, फक्त कोड लिहिण्याचे दिवस धरणं. तपासणी, चाचणी, पॅकेजिंग, टिपणं यांचे दिवस वेगळे मांडा. दुसरी, यजमान संस्थेची, म्हणजे प्रकल्पाचे पैसे सांभाळणाऱ्या संस्थेची, कपात चुकीची काढणं.

समजा, डेव्हलपरचे ४० दिवस, दिवसाला ₹६,०००: ₹२,४०,०००. तपासणाऱ्याचे १० दिवस, ₹५,००० प्रमाणे: ₹५०,०००. चाचणी संचावर खुणा करण्याचं मानधन ₹३०,०००. बेरीज ₹३,२०,०००. त्यावर अनपेक्षित खर्चासाठी १५ टक्के, म्हणजे ₹४८,०००. एकूण ₹३,६८,०००.

आता पैसे सांभाळणारी संस्था १० टक्के कापणार असेल तर लोक ३,६८,००० वर १० टक्के चढवून ₹४,०४,८०० मागतात. कपात मात्र आलेल्या पूर्ण रकमेवर होते. म्हणून ३,६८,००० ला ०.९ ने भागा: ₹४,०८,८८९. फरक चार हजारांचाच आहे, पण अर्ज वाचणाऱ्याला तो दिसतो. परदेशातून पैसे येणार असतील तर मधल्या बँकेचं शुल्क आणि विनिमय दरातली तूट वेगळी धरा.

दर ठरवताना "ओपन सोर्स आहे, कमी घेईल" हे मनातून काढून टाका. पुण्यातल्या कंपनीत त्याच अनुभवाच्या माणसाला महिन्याला जे पडतं त्याला कामाच्या दिवसांनी भागा. स्वतंत्र काम करणाऱ्याला सुट्ट्या, विमा, भविष्य निर्वाह निधी काही मिळत नाही, म्हणून दर त्याच्या वरच राहतो. स्वस्तात मिळालेला माणूस चांगली नोकरी लागली की दुसऱ्या टप्प्यात निघून जातो. त्याला दोष देता येत नाही.

५. माणूस शोधा, आणि आधी घरातच शोधा

जाहिरात देण्याआधी तुमच्या कमिटच्या (कोडमध्ये आलेल्या बदलांच्या) यादीत पाहा. गेल्या दोन वर्षांत ज्यांचे तीनपेक्षा जास्त पॅच आत गेले, ज्यांनी तपासणीतल्या सूचना ऐकल्या आणि काम पूर्ण केलं, अशी दोन-चार नावं निघतात. त्यांना थेट विचारा: "हे काम आहे, एवढे दिवस, एवढे पैसे. जमेल?" अनेकांना वाटत असतं की विचारणारच नाहीत.

तिथे कुणी नसेल तर शेजारच्या प्रकल्पांत जा. आपल्या उदाहरणात ते म्हणजे हनस्पेलचे इतर भारतीय भाषांचे कोश, लिब्रेऑफिसचं स्थानिकीकरण, मल्याळममध्ये असंच काम करणारा स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंगचा गट. द्राविडी भाषेच्या प्रत्ययांशी झुंजलेल्या माणसाला मराठीची अडचण दहा मिनिटांत समजते. उत्तम वेब डेव्हलपरला ती समजायला महिना लागू शकतो.

मग भेटीगाठी. फॉस युनायटेडचे मुंबई-पुण्यातले मेळावे, पुण्याचा जुना लिनक्स गट प्लग, बेंगळुरूला होणारी इंडियाफॉस परिषद. तिथे "आम्हाला डेव्हलपर हवा" असं भाषण करू नका. पाच मिनिटांत अडचण दाखवा, 'घरासमोरच्यांनाही'खालची रेघ पडद्यावर दाखवा, आणि कामाचा मसुदा कुठे आहे ते सांगा. ज्याला खाज सुटेल तो चहाच्या वेळी तुमच्याकडे येईल.

विद्यार्थ्यांचा मार्ग वेगळा आहे. गुगल समर ऑफ कोडमध्ये मानधन गुगल थेट देतं. गेल्या काही वर्षांत भारतातल्या सहभागींसाठी मध्यम आकाराच्या प्रकल्पाला १,५०० डॉलर आणि मोठ्याला ३,००० डॉलर असा दर राहिला आहे, तासांच्या हिशेबात अंदाजे १७५ आणि ३५०. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटही नाही. संस्थांचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारी-फेब्रुवारीत जातात. मार्चमध्ये जागं होणाऱ्यांना वर्षभर थांबावं लागतं. लहान प्रकल्पाने स्वतःच्या नावाने अर्ज करण्यापेक्षा मोठ्या छत्राखाली जावं. लिब्रेऑफिस त्यात नेहमी असतं, आणि आपला तपासनीस तिथे शोभतो. पण हा शिकवण्याचा कार्यक्रम आहे हे लक्षात ठेवा. त्यात मेंटेनरचा वेळ खर्च होतो, वाचत नाही. आउटरीची या प्रशिक्षण कार्यक्रमात तर प्रशिक्षणार्थीचं मानधन, ७,००० डॉलर, उभं करण्याची जबाबदारी बहुतांशी सहभागी प्रकल्पावरच येते.

माणूस पटला तरी लगेच चाळीस दिवसांचा करार करू नका. दोन-तीन दिवसांचं खरं काम द्या आणि त्याचे पूर्ण पैसे द्या. फुकटात 'चाचणी असाइनमेंट' मागणं चांगल्या लोकांना पळवून लावतं. या तीन दिवसांत कोडपेक्षा दुसरंच पाहा: अडल्यावर विचारतो का, पॅच लहान ठेवतो का, सूचना आल्यावर वाद घालतो की कारण विचारतो.

सावध, एक: संख्येवर बक्षीस ठेवलं की कचरा येतो. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी वाचा-मला फाइलमध्ये एखादा शब्द घालणाऱ्या पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलून, ज्यांना हवं त्याच प्रकल्पांना सामील करावं लागलं. इश्यूमागे (नोंदवलेल्या तक्रारीमागे किंवा कामामागे) बक्षीस लावण्याच्या पद्धतीलाही हीच कीड लागते. आता तर यंत्राने लिहिलेले पॅच मिनिटात येऊन पडतात. बक्षीस फक्त लहान, सुट्या आणि चाचणीने सिद्ध होणाऱ्या कामाला लावा.

सावध, दोन: पगारी झाला म्हणून रिलीजची किल्ली देऊ नका. एक्सझेड या लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनेक वर्षं चांगले पॅच देऊन विश्वास मिळवला, थकलेल्या मेंटेनरवर इतर खात्यांकडून "जबाबदारी सोपवा" असा दबाव आला, आणि अखेर ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने (दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने) लॉगिन करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि ते उघड झालं. पॅच पाठवणं, पॅच आत घेणं आणि रिलीज काढणं हे तीन वेगळे अधिकार आहेत. पहिल्या करारात पहिलाच पुरे.

६. पैसा कुठल्या वाटेने येणार

सर्वात जास्त गाड्या इथे रुतून बसतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

देणारा भारतीय आणि घेणारा भारतीय असेल तर गोष्ट सोपी: बिल, करकपात, पावती. देणारा परदेशी असला की विचारायचा पहिला प्रश्न असा: ही देणगी आहे की कामाचा मोबदला?

परदेशातून येणाऱ्या देणगीला विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१०, म्हणजे एफसीआरए लागू होतो. न्यास, सोसायटी किंवा कलम ८ ची कंपनी यांना त्यासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात तिने मुख्य कामावर किमान ₹१५ लाख खर्च केलेले हवेत. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाहीत. म्हणजे "ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेच्या नावाने घेऊ आणि मग आपल्याकडे वळवू" ही अनेकांच्या डोक्यातली युक्ती बेकायदा आहे.

धंद्याच्या नेहमीच्या ओघात दिलेल्या सेवेची फी मात्र या व्याख्येबाहेर आहे. म्हणून लहान गटाला झेपणारी वाट बहुधा अशी: पैसे परदेशातल्या यजमान संस्थेकडे जमा होतात, आणि डेव्हलपर केलेल्या कामाचं बिल त्या संस्थेला लावतो. त्याच्या दृष्टीने ती सेवांची निर्यात. बिलावर "ओपन सोर्ससाठी मदत" असं न लिहिता टप्पा, तारखा, काय हाती दिलं ते लिहा. बँक परकीय रकमेसाठी कारणाचा कोड विचारते. सॉफ्टवेअर सल्लासेवेचा पी०८०२ वेगळा आणि वैयक्तिक भेट-देणगीचा पी१३०२ वेगळा. घाईत दुसरा टाकला तर तुम्हीच लिहून दिलंत की ही देणगी होती. बँकेकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला दर वेळी मागून ठेवा.

जीएसटीची नोंदणी सेवांसाठी सर्वसाधारणपणे वर्षाला ₹२० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. नोंदणी असेल तर निर्यातीवर कर न भरण्यासाठी हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावं लागतं. एप्रिलमध्ये ते विसरणारे पुष्कळ.

यजमान संस्था निवडताना कपातीचा दर पाहाच (ओपन सोर्स कलेक्टिव्ह १० टक्के घेते), पण त्याहून महत्त्वाचं, संस्था बंद पडली तर पैशाचं काय, ते वाचा. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि तिच्या छत्राखालच्या गटांना वर्ष संपायच्या आत शिल्लक खर्च करावी किंवा हलवावी लागली. नाव सारखं असलं तरी ही आणि आधीची संस्था वेगळ्या, हेही लक्षात घ्या.

तपासा: पैशाचा प्रवास एका कागदावर बाणांनी काढा: देणारा, यजमान, घेणारा, प्रत्येक बाणावर 'देणगी' किंवा 'बिल'. तो कागद परकीय व्यवहार हाताळणाऱ्या सीएला दाखवा. ही एक फी वाचवू नका.

७. आता दारं ठोठवा

फ्लॉस फंड हा झिरोधाचा निधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेला, वर्षाला १० लाख डॉलरचा. एका प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० डॉलर. वापरात असलेल्या प्रकल्पांसाठी आहे, कल्पनांसाठी नाही. अर्ज म्हणजे 'फंडिंग डॉट जेसन' नावाची फाइल: प्रकल्प काय, किती पैसे कशासाठी हवेत, आधी किती मिळाले. चौथ्या मुद्द्यातला हिशेब केला असेल तर ती तासाभरात भरते. आपल्या उदाहरणातली रक्कम त्या तळाच्या मर्यादेच्या अर्ध्याच्या आसपास आहे. म्हणजे एकतर क्रियापदांच्या पुढची कामं जोडून पूर्ण वर्षाचा आराखडा करा, नाहीतर फॉस युनायटेडच्या लहान अनुदानांकडे वळा. रक्कम फुगवू नका, काम वाढवा.

नेदरलँड्सची एनएलनेट साधारण ५,००० ते ५०,००० युरोंची अनुदानं देते. अर्ज छोटा, प्रश्न नेमके. दोन गोष्टी आधी ध्यानात घ्या: पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर मिळतात, म्हणजे पहिले दोन महिने डेव्हलपरला खिशातून काढावे लागतील, आणि ती रक्कम देणगीच्या स्वरूपात असते, म्हणजे सहाव्या मुद्द्यातला प्रश्न पुन्हा समोर येतो. आधी सीए, मग अर्ज. चालू फेरी कुठली आहे तेही पाहून घ्या.

जर्मनीची सॉव्हरिन टेक एजन्सी पायाभूत घटकांना पैसे देते: लायब्ररी, प्रोटोकॉल, बांधणीची साधनं. मराठी तपासनीस तिथे बसत नाही. पण काम करताना अडचण खुद्द हनस्पेलमध्ये आहे असं दिसलं, तर त्या प्रकल्पाच्या मेंटेनरशी बोलून त्यांच्या नावाने अर्ज होऊ शकतो.

गिटहब स्पॉन्सर्ससारख्या मासिक देणग्यांवर डेव्हलपर नेमता येत नाही; सर्व्हरचं भाडं निघालं तरी पुष्कळ. भारतीय देणगीदारांची आणखी एक अडचण: ऑक्टोबर २०२१ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे परदेशी प्लॅटफॉर्मवरची दरमहा कार्डकपात अनेकदा नाकारली जाते. त्यांच्याकडून वर्षाची रक्कम एकदाच मागा.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा, रस्ता लांबचा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या विषयांत काम बसवावं लागतं, घेणारी संस्था सीएसआर-१ नोंदणी असलेली हवी. शाळांमधल्या वापराला जोडलेलं काम असेल तरच त्यात पडा.

लहान प्रकल्पासाठी सर्वात दुर्लक्षित दार म्हणजे ते वापरणारी कंपनी. तुमच्या इश्यूंमध्ये कार्यालयीन पत्त्यावरून कोण लिहितं ते पाहा. प्रकाशन संस्था, वृत्तपत्राचा तांत्रिक विभाग, मराठी मजकूर हाताळणारी स्टार्टअप. त्यांना देणगी मागू नका. देणगीला संचालकांची सही लागते, बिलाला विभागप्रमुखाची पुरते. पत्र एवढंच असावं:

"नमस्कार. आपल्या संपादकीय प्रणालीत आमचा तपासनीस वापरला जातो आणि जोडशब्दांवर येणाऱ्या खोट्या चुकांबद्दल आपण तक्रार नोंदवली होती. ती दुरुस्त करण्याचं काम १२ दिवसांचं आहे, खर्च ₹७२,००० अधिक लागू कर. काम मुक्त लायसन्सखालीच राहील. आपल्याला तपशिलांचा प्राधान्यक्रम ठरवता येईल आणि तीन महिने अडचणींना दोन दिवसांत उत्तर मिळेल. मसुदा जोडला आहे. गुरुवारी बोलता येईल का?"

सावध: एकच मजकूर पाच निधींना पाठवू नका. परीक्षक एकमेकांना ओळखतात. आणि एकाच टप्प्यासाठी दोघांकडून पैसे घेऊ नका. कुठला टप्पा कुणाच्या पैशाने, ते उघड लिहा.

८. करार: दोन पानं, पण कॉपीराइट नीट

टप्पे, हप्ते, तपासणीला लागणारे जास्तीत जास्त दिवस आणि मध्येच थांबल्यास काय, हे सगळे लिहितात. चूक होते ती हक्कांत.

भारतीय कॉपीराइट कायद्यात नोकराने नोकरीत लिहिलेल्या कामाचा पहिला मालक सहसा मालक-कंपनी असते, पण स्वतंत्र काम करणाऱ्याचे हक्क त्याच्याकडेच राहतात. हस्तांतर लेखी हवं. आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं मानलं जातं. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुना करारात हे दोन शब्द बहुधा नसतात. बहुतेक प्रकल्पांना हस्तांतराची गरजही नाही. "हे काम मी लिहिलं आहे आणि प्रकल्पाच्या लायसन्सखाली देत आहे" असं कराराने आणि प्रत्येक कमिटवरच्या साइन-ऑफ ओळीने नोंदवलं की झालं.

डेव्हलपर हिंजवडीतल्या किंवा दुसऱ्या कुठल्या कंपनीत नोकरीला असून संध्याकाळी तुमचं काम करणार असेल, तर त्याच्या नेमणूकपत्रातलं बाहेरच्या कामाचं कलम वाचायला सांगा आणि कंपनीची लेखी परवानगी घ्या. तोंडी "मॅनेजरला माहीत आहे" चालणार नाही. पुढे कंपनीने हक्क सांगितला तर कोड काढून टाकायची पाळी तुमच्यावर येते.

पहिला हप्ता सुरुवातीलाच द्या, लहानसा का होईना. शेवटचा हप्ता एकूण रकमेच्या पाचव्या भागाहून कमी ठेवू नका.

९. काम चालू असताना

दर शुक्रवारी डेव्हलपरने सार्वजनिक जागी तीन ओळी लिहायच्या: काय झालं, काय अडलं, पुढे काय. खाजगी व्हॉट्सअॅप गटात प्रगती गेली की बाकीचे स्वयंसेवक बाहेर राहतात, आणि "आम्ही फुकट राबतो, त्याला पैसे" ही कुजबुज तिथूनच सुरू होते. पैसे कुणाला, किती, कशासाठी हे सुरुवातीलाच जाहीर करा. निवडीचं कारणही लिहा.

पॅच लहान ठेवायला लावा. पंधरा दिवस आपल्या फांदीत (कोडच्या वेगळ्या प्रतीत, ब्रँचमध्ये) काम करून एकदम तीन हजार ओळी आणणारा माणूस कितीही हुशार असला तरी त्याचं काम तुमच्या चार तासांत तपासून होणार नाही.

दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस मसुदा पुन्हा काढा. क्रियापदांचं काम अंदाजाच्या दुप्पट निघालं तर निधी देणाऱ्याला तेव्हाच कळवा आणि टप्पा लहान करा. वेळेत सांगितलेला बदल बहुतेक जण मान्य करतात. मुदतीच्या आदल्या दिवशी सांगितलेला करत नाहीत.

१०. शेवटचे दोन आठवडे

या काळात नवा कोड नको. डेव्हलपर प्रत्यय-नियमांची रचना मेंटेनरला समजावून सांगेल, आणि मग मेंटेनर त्याच्या मदतीशिवाय एक नवा नियम घालून, चाचणी चालवून रिलीज काढेल. ते जमलं नाही तर टिपणं अपुरी आहेत. शेवटचा हप्ता त्यानंतरच.

उरलेली कामं इश्यू म्हणून नोंदवा. तात्पुरते अधिकार, टोकन, सर्व्हरची खाती बंद करा. जमाखर्च एका पानावर प्रसिद्ध करा: आले किती, कपात किती, कुणाला किती, शिल्लक किती. 'फंडिंग डॉट जेसन'मध्ये मिळालेल्या रकमेची नोंद घाला, कारण पुढचा निधी देणारा ती फाइल सर्वात आधी उघडतो. आणि सातव्या मुद्द्यातल्या पत्रावरून बिल भरणाऱ्या कंपनीला नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी एक आठवडा चाचणीसाठी पाठवा. त्यांच्या तक्रारी रिलीजनंतर येण्यापेक्षा करार चालू असताना आलेल्या बऱ्या.